फौंड्रीतून उतरलेले एप्रन, बॉयलर सूट, हार्नेस: यांच्या पिशव्या आणि पट्टे करताना काय बघायचं?

टाकेवाली (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. आमचा बायकांचा शिवणाचा गट आहे. गोधड्या, कापडी पिशव्या, दप्तरं हे नेहमीचं काम. अलीकडे ओळखीच्या एका फौंड्रीतून, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यातून, कामगारांचे बदललेले कपडे आमच्याकडे येऊ लागलेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक पट्ट्यात असा माल सतत निघतो: बॉयलर सूट, वेल्डरचे चामडी एप्रन, चमकत्या पट्ट्यांची जाकिटं, उंचीवर काम करताना पडू नये म्हणून अंगाला बांधायचे हार्नेस. बरंचसं भंगारात जातं. त्यातलं काही पुन्हा बाजारात येऊन दुसऱ्या कामगाराच्या अंगावर चढतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकतं. ज्या वस्तूची राखायची ताकद संपली, ती राखेल या भरवशावर कुणीतरी घालतो.

माल हाताळून जे कळलं ते सांगते. बॉयलर सूट गुडघ्यात, कोपरात आणि काखेत संपतो. पाठ जवळजवळ नवी असते, मांडीच्या मागचं कापडही धड निघतं. वापरून मऊ पडलेलं इतकं जाड सुती ड्रिल कापड नवं घ्यायला गेलं तर दुकानात मिळत नाही. खिसे उसवू नयेत, खिशासकट तुकडा कापावा आणि पिशवीला तसाच बसवावा. बाहीवरच्या पेनच्या खिशाचं चष्म्याचं घर सुरेख होतं. उसवण्यात मात्र शिवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. जुन्या मालाची वस्तू म्हणजे स्वस्त, असं गिऱ्हाईक धरून चालतं, पण हा वेळ किमतीत धरल्याशिवाय बाईला मजुरी सुटत नाही.

एप्रनचं चामडं बहुतेक वेळा क्रोमनं कमावलेलं आणि कातडीच्या खालच्या थराचं असतं, दोन्ही अंगांनी खरबरीत. वरची गुळगुळीत बाजू नसल्यामुळे ते ताणतं. नुसत्या त्या चामड्याचा कमरपट्टा केला तर थोड्याच दिवसांत लांबतो. म्हणून आम्ही दोन थरांच्या मध्ये हार्नेसची विणलेली पट्टी घालतो. इथल्या चप्पल कारागिरांकडून रापीनं (चामडं कापायच्या हत्यारानं) कड तासून घेतो. हे काम त्यांच्यासारखं आम्हाला जमणार नाही आणि त्याचे पैसे त्यांना वेगळे देतो.

आता माझे प्रश्न. कुठला माल घेऊच नये? धुण्याची योग्य पद्धत कुठली? अग्निशमन दलाच्या जुन्या कोटांपासून कुणी काही केलंय का? आणि मनाला लागलेला प्रश्न असा, की एप्रनवर ठिणग्यांचे डाग आणि भोकं असतात, शहरातल्या गिऱ्हाइकांना नेमके तेच तुकडे हवे असतात. ते विकावेत का?

चाकणकर

टाकेवाली ताई, कारखान्यांत सुरक्षेचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. कपडा हातात घेण्याआधी एकच गोष्ट विचारायची: तो कुठल्या विभागातून आला? फौंड्री म्हटलं तरी मोल्डिंग (साचे करणं), भट्टी, फेटलिंग (ओतीव तुकडे घासून साफ करणं), पेंट शॉप, मेंटेनन्स असे भाग असतात आणि प्रत्येकाच्या कपड्यात वेगळं काहीतरी मुरलेलं असतं. पोती भरून सरमिसळ माल दिला तर नम्रपणे परत करा.

बॅटरीच्या कारखान्यातले कपडे कधीही घेऊ नका. शिशाची धूळ धाग्यात बसते आणि कपड्यांबरोबर घरी येऊन लहान मुलांच्या पोटात जाते. हे जगभर नोंदलं गेलंय. इलेक्ट्रोप्लेटिंग, कीटकनाशकं आणि स्प्रे पेंटिंगचे कपडेही नकोत.

जुन्या भट्ट्यांवरचे पांढुरके किंवा राखाडी, जाड विणीचे कापडी हातमोजे, एप्रन, चादरी दिसल्या तर हात लावू नका. एके काळी हे सामान ॲस्बेस्टॉसचं असायचं आणि डोळ्यांनी बघून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. कापलं किंवा झटकलं की तंतू हवेत उडतात, फुप्फुसात बसतात आणि आजार कित्येक वर्षांनी उघड होतो. खात्री नसेल तर ते ॲस्बेस्टॉसच आहे असं धरा. झटकू नका, पिशवीत बंद करून कारखान्याला परत द्या. चांदीसारख्या चकाकणाऱ्या उष्णतारोधक कोटांनाही हेच लागू. वर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, खाली कापड कुठलं आहे ते लेबलवरून कळलं तर ठीक. काचतंतूचं असेल तर त्वचेला खाजवतं, पिशवीच्या कामाचं नाही.

वेल्डरच्या एप्रनबद्दल एक बारकावा. साध्या पोलादावर काम करणाऱ्याचा एप्रन आणि स्टेनलेस स्टीलवर काम करणाऱ्याचा एप्रन यांत फरक करा. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे. असे एप्रन मी घेणार नाही. क्रोम चामड्यातही जास्त उष्णतेनं आणि जुनेपणानं थोडं क्रोमियम त्या रूपात जाऊ शकतं. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंसाठी युरोपात १ मे २०१५ पासून किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तेव्हा भट्टीच्या अंगाचे कडक झालेले, सुरकुतलेले भाग काढून टाका, आणि मनगटाच्या पट्ट्यासारखी वस्तू त्या चामड्याची करूच नका. बॅगेला सुती अस्तर लावा.

तेलानं थबथबलेले कपडे आणि चिंध्या २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. ते तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठवायची जबाबदारी कारखान्याची असते. "ताई, हेपण घेऊन जा" असं म्हणून कुणी तुमच्या गळ्यात मारलं तर घेऊ नका.

हार्नेस हातात आला की सगळ्यात आधी खांद्याचे आणि मांडीचे पट्टे कापा. नंतर चहा प्या. अखंड हार्नेस पोत्यात पडून राहिला तर तो कुणाच्या तरी अंगावर जाईलच. पट्टी पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची असते, रुंदी ४५ मिमीच्या आसपास. उन्हानं तिची ताकद जाते, वरून दिसत मात्र नाही. पिशवीच्या खांदापट्ट्याला चालेल. कुत्र्याचा पट्टा, झोपाळा, मुलांचा पाळणा यांना अजिबात नाही. हुकांचंही तसंच. किल्ल्या अडकवायला द्या, पण त्यावर भार घ्यायचा नाही असं लिहून द्या.

धुणं घरच्या कपड्यांबरोबर कधीच नको. त्यासाठी वेगळी बादली, वेगळी जागा. ब्रश मारताना तोंडाला चांगला मास्क, आणि ब्रश मारायचा तो कापड ओलं करून.

जुनी_शिलाई

चाकणकरांनी मुख्य ते सांगितलं, मी मशीनवरचं सांगते.

ड्रिलला १६ नंबरची सुई पुरते. चार पदर एकत्र आले की १८ नंबर. चामड्याला पात्यासारख्या टोकाची वेगळी सुई मिळते, तीच घ्या. टाका मोठा ठेवा, साडेतीन ते चार मिलिमीटर. बारीक टीप मारली तर छिद्रांची रांग पडते आणि चामडं त्याच रेषेत फाटतं. चामड्यावर टीप उसवून पुन्हा मारता येत नाही, पहिली छिद्रं तशीच दिसतात. टाचण्या नकोत, कपड्यांचे चिमटे लावा. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा जाड. पायाच्या साध्या मशीनवर दोन थर निघतात. तिसरा आला की चाक हातानं फिरवा, मोटर बसवलेली असेल तर ती जळवू नका.

वेल्डरच्या एप्रनमध्ये लोखंडाचे बारीक दाणे रुतलेले असतात. बोटाला लागत नाहीत, सुई मात्र मोडते आणि मोडलेलं टोक डोळ्याकडे उडतं. शिवायच्या आधी तुकड्यावरून चुंबक फिरवा, मग बोथट सुरीनं खरवडा. चष्मा लावूनच शिवा.

चामडं पाण्यात बुडवायचं नाही. ओलसर फडकं, चामड्याचा साबण, सावलीत वाळवणं आणि शेवटी हलका तेलाचा हात, एवढंच.

फौंड्रीची_लेक

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते. माझे वडील आयुष्यभर भट्टीवर होते. त्यांच्या हातावर अजून पांढरे ठिपके आहेत, अगदी तुमच्या एप्रनवर असतात तसेच. ज्या ठिणग्या एप्रननं अडवल्या त्या एप्रनवर राहिल्या, ज्या नाही अडवल्या त्या वडिलांवर.

कुणीतरी त्या डागांची बॅग खांद्याला लावून फिरेल, आणि हा डाग कशाचा हे त्याला ठाऊक नसेल, ही कल्पना मला सहन होत नाही. नवी जीन्स मुद्दाम फाडून विकणं ठीक, ती फाटण्यात कुणाला इजा झालेली नसते. इथे झालेली असू शकते. एप्रन जळण्याच्या दिवशी माणूसही भाजला असेल तर तो एप्रन विकायचा नसतो. तो कारखान्यात जपून ठेवावा आणि नव्या पोरांना दाखवावा.

पण विकूच नका असं म्हणत नाही. वडिलांशी बोलले. ते म्हणाले, एप्रन भंगारात गेलेला बघण्यापेक्षा कुणाच्या खांद्यावर बघायला आवडेल, फक्त कुठल्या भट्टीवरचा आहे ते लिहा. आणि त्यातून आम्हाला काय मिळतं, तेही विचारायला सांगितलंय.

टाकेवाली

लेकी, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. दोन्ही गोष्टी पटल्या. अपघातातला कुठलाही कपडा द्यायचा नाही, हे आता फौंड्रीच्या मालकांना लेखी कळवते. आणि प्रत्येक वस्तूला कापडी चिठ्ठी शिवायची: माल काय, कुठल्या कामातला, किती धुण्यांतून गेला, कुणी शिवला, कड कुणी तासली. कामगाराचं नाव त्याला हवं असेल तरच.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे केवढे चिडलो होतो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, आणि श्रेय शून्य. मग भट्टीवरच्या माणसाच्या एप्रनची बॅग त्याचं नाव न घेता विकायचा हक्क आम्हाला तरी कुठून येतो?

वाटा किती द्यावा याचा काही नमुना कुणाला माहीत आहे का?

ऱ्हाईनकाठ (कोलोन, जर्मनी)

माहीत आहे. इंग्लंडमधली एल्व्हिस अँड क्रेसे ही कंपनी बघा. २००५ मध्ये क्रेसे वेस्लिंग यांना कळलं की लंडन फायर ब्रिगेडचे निवृत्त होज, म्हणजे आगीवर पाणी मारायचे पाइप, कचऱ्याच्या खड्ड्यात पुरले जातात. त्यांनी ते उचलले, घासून धुतले आणि आधी कमरेचे पट्टे केले, मग बॅगा, पाकिटं. होजच्या वस्तूंवरच्या नफ्याचा अर्धा भाग अग्निशमन जवानांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला जातो. ५० टक्के, आणि हे त्या उघडपणे सांगतात. नंतर त्यांनी बर्बेरी या फॅशन कंपनीच्या फाउंडेशनबरोबर चामड्याच्या कातरणावरही काम सुरू केलं. त्यांना जे जमलं त्याचं मूळ मला या वाट्यात दिसतं. होज देणाऱ्याला कळतं की आपली वस्तू कुणाच्या उपयोगी पडतेय, म्हणून माल येत राहतो.

मी राहतो त्या कोलोनमध्येही २००५ पासून फॉयरवेअर नावाची कंपनी होजच्याच बॅगा करते. होजवरचे छापील आकडे, पट्टे, घासलेल्या खुणा तशाच ठेवतात, त्यामुळे कुठल्याही दोन बॅगा सारख्या नसतात. याही आधी, १९९३ मध्ये, झुरिकच्या फ्राइटाग बंधूंनी ट्रकच्या ताडपत्रीची बॅग केली: पट्टा गाडीच्या जुन्या सीटबेल्टचा, कडेला सायकलची ट्यूब. तुमची हार्नेसची पट्टी त्याच घराण्यातली.

कोटांबद्दल मात्र सावध राहा. आग विझवणाऱ्याचा कोट तीन थरांचा असतो. बाहेर ॲरॅमिड, म्हणजे नोमेक्स किंवा केव्हलारच्या जातीचं उष्णता सोसणारं कापड, मध्ये पाणी अडवणारा पडदा, आत उष्णता रोखणारं अस्तर. मधला पडदा बहुधा पीटीएफईचा (टेफ्लॉनच्या जातीचा) असतो आणि बाहेरच्या कापडावरच्या जलरोधक लेपातही पीफास गटातली, म्हणजे सहजी न विघटणारी रसायनं असू शकतात. वर्षानुवर्षांची काजळी त्यात मुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात टाकला. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे कोट बनल्यापासून १० वर्षांत निवृत्त करायचा असतो आणि तो पुन्हा आगीत वापरता येणार नाही असा नष्ट करायचा किंवा बदलायचा असतो. तिकडे काही कारागीर त्याच्या बॅगा करतात, निवृत्त जवानाच्या कुटुंबासाठी पाठीवरच्या नावाचा तुकडा वगैरे. तसं करायचंच असेल तर खास धुलाईनंतर फक्त बाहेरचा थर घ्यावा, आतले दोन टाकून द्यावेत. कापायला बारीक दात्यांची कात्री लागते, साध्या कात्रीतून ॲरॅमिड निसटतं, आणि कडा फार सुटतात.

होज धुवायला सोपा, एकजीव आणि पाणी पचवलेला. सुरुवात त्यानंच करा.

बंबखाना

अग्निशमन दलातून निवृत्त झालो आहे. ऱ्हाईनकाठ यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. त्याला इथलं थोडं जोडतो.

आपल्याकडे सरकारी वा पालिकेच्या दलाची वस्तू कुणी सहज देऊ शकत नाही. ती जडसंग्रह नोंदवहीत (सामानाच्या सरकारी नोंदीत) असते. आधी निर्लेखन होतं, म्हणजे ती नोंदीतून कमी करतात, मग लिलाव. मधल्या मार्गानं कुणी गणवेश विकत देत असेल तर घेऊ नका. कोट लिलावात आलाच, तर बिल्ले, खांद्यावरच्या पट्ट्या आणि दलाचं नाव आधी उतरवा. गणवेश घालून लोकांना फसवणारे असतात.

आणि भावनेचीही एक बाजू आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या गणवेशाचा तुकडा कुणाच्या कमरेला शोभेसाठी बांधावा, हे आमच्यातल्या अनेकांना रुचणार नाही. मलाही नाही. होजचं तसं नाही. होज हे हत्यार आहे, त्याचा पट्टा मी स्वतः आनंदानं बांधीन.

होज मिळवायला दलाकडे जायची गरजही नाही. प्रत्येक उंच इमारतीत, कारखान्यात, मॉलमध्ये लाल पेटीत आयएस ६३६ या भारतीय मानकाचा रबरी अस्तराचा होज असतो. नेहमीचा व्यास ६३ मिमी. चाचणीत गळला की बदलतात आणि जुना जिन्याखाली पडून राहतो. उभा चिरला की साधारण २० सेंमी रुंदीची पट्टी मिळते. १५ मीटरच्या एका होजमध्ये तीन चौरस मीटर माल झाला. आतलं रबर जुनं होऊन पावडर सोडत असेल तर तेवढा भाग नाकारा. घडीच्या रेषेवर तो आधी मरतो, म्हणून घडी सोडून मधला भाग कापा.

पायवाट (सांगली)

जाकिटांच्या चमकत्या पट्ट्यांबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मते या सगळ्या मालात सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

जाकिटाचा पिवळा किंवा नारिंगी रंग उन्हानं आणि धुण्यानं उडतो, म्हणून ते कामावरून काढतात. पट्टीतले काचेचे सूक्ष्म मणी मात्र अनेकदा शाबूत असतात. ते प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. तपासायचं असेल तर अंधारात पट्टी लांब टांगा आणि टॉर्च डोळ्यांच्या अगदी बाजूला धरा. हात खाली ठेवून टॉर्च मारली तर चांगली पट्टीही मंद वाटेल. ठिपके ठिपके काळे दिसले तर मणी झडलेत, ती पट्टी टाका. चांगल्या पट्टीला इस्त्री आणि ब्लीच लागू देऊ नका, टीप फक्त कडेनं मारा.

आमच्याकडे गाळप हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागे दिवा नाही. शाळेची पोरं त्याच रस्त्यानं सायकलवर. टाकेवाली ताई, दप्तराच्या पाठीवर आणि दोन्ही पट्ट्यांवर ही पट्टी शिवा. शहरातल्या बॅगांवर जे कमवाल त्यातून ऊसतोड टोळ्यांच्या मुलांना अशी दप्तरं देता आली तर बघा, मी गावागावांत वाटायला येतो. फक्त ती सुरक्षा-जाकिटाची जागा घेईल असं कुणाला सांगू नका.

चाकणकर

पायवाट यांच्याशी सहमत. "प्रमाणित" हा शब्द चिठ्ठीवर कुठेही नको. आणि आगरोधक सुती कापड असेल तर "आग लागत नाही" असंही लिहू नये. काही कापडांवरची प्रक्रिया ब्लीच किंवा चुकीच्या धुण्यानं जाते, आपल्याला ती शिल्लक आहे का ते कळत नाही.

टाकेवाली

गटात बसून सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचले. स्टेनलेस विभागाचे एप्रन परत पाठवतोय. चुंबक आणला, पहिल्याच एप्रनमधून चिमूटभर दाणे निघाले. वाट्याबद्दल ठरलं असं: मजुरी, कारागिरांचे पैसे आणि सामानाचा खर्च वजा जाता उरलेल्याचा अर्धा भाग त्या फौंड्रीतल्या कामगारांच्या औषधपाण्यासाठी, आणि हिशेब त्यांच्या कँटीनमध्ये लावायचा. ठिणग्यांचे डाग असलेले तुकडे वापरू, चिठ्ठीवर डाग कशाचा ते लिहून. हंगामाच्या आधी दप्तरांची पहिली खेप पायवाट दादांकडे पोचवू.

बंबखाना काका, होज मागायचा तर इमारतीत कुणाशी बोलावं?

बंबखाना

सोसायटीच्या सचिवांशी. आणि यंत्रणेची वार्षिक तपासणी करणारा ठेकेदार कोण ते विचारा, जुना होज बहुधा तोच उतरवतो. दोन्ही टोकांची गनमेटलची कपलिंगं (धातूचे जोड) आधीच काढून त्यांच्याकडेच ठेवा. भंगारात पैसे त्यांनाच मिळतात, नुसता होज कुणाला नको असतो. कपलिंग मागितली नाहीत तर होज फुकट देतील. आमच्या सोसायटीत यंदाच्या तपासणीत चार बाद झालेत. सचिवांना विचारलं, ते हो म्हणाले. रविवारी सकाळी माणूस पाठवा. गुंडाळी जड असते, दुचाकीवर आणू नका, टेम्पो बघा.